दोन कॉइल बदलूनही पी०३५२ परत येतोय: ईसीएमला हात लावण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१७ची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, नंतर बाहेरून सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं) सीएनजी किट बसवलेलं, ८२ हजार किलोमीटर झालेले. जूनमध्ये चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी थरथरायला लागली, स्कॅनरवर पी०३५२ आणि पी०३०२ असे दोन कोड आले. गॅरेजमध्ये दोन नंबरच्या सिलिंडरची कॉइल (प्लगला स्पार्क देणारी) आणि चारही प्लग बदलले. आठ दिवस गाडी छान चालली आणि मग पावसात पसरणी घाट चढताना परत तेच. पुन्हा नवी कॉइल घातली, तिच्यावर चार दिवस निघाले. आता ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, गेलाय असं सांगतायत. कॉइलला तीन पिना आहेत. मिसिंग (सिलिंडर मध्येच न पेटणं) पेट्रोलवरही होतं, पण गॅसवर जास्त. तर ईसीएम बदलू का?

आत्ता बदलू नका. मी पंचवीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतोय आणि तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला पहिल्या वाचनातच खटकली: आठ दिवस आणि चार दिवस. दोष ईसीएममध्ये असता तर कॉइल बदलून एक दिवसही फरक पडायला नको होता. दोष कॉइलमध्ये असता तर नवी कॉइल निदान वर्ष-दोन वर्षं चालली असती. दोन नव्या कॉइल बारा दिवसांत जळतात असं सहसा होत नाही. मग दोन्ही वेळा गाडी काही दिवस बरी का झाली? कॉइल बदलताना कपलर (वायरच्या टोकाचा खटक्याचा जोड) काढला, वायर हलली, परत बसवला. त्या हलण्यामुळे कुठलातरी ढिला संपर्क तात्पुरता जुळला असावा. माझा संशय कॉइल आणि ईसीएम यांच्या मधल्या वायरवर आहे. त्यातही, बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल किट म्हटल्यावर, एका ठरावीक जागेवर. तिथे येतोच, पण आधी हे दोन कोड काय सांगतात ते नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथून सुरू झालाय.

पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. हे ईसीएम स्पार्ककडे बघून ठरवत नाही. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) सेन्सरसमोर दात असलेलं चक्र फिरतं. बऱ्याच गाड्यांत साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन दात गाळलेले असतात, म्हणजे दर सहा अंशांना एक दात. चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये क्रँक दर १८० अंश फिरला की एका सिलिंडरचा धक्का बसतो आणि क्रँकचा वेग किंचित वाढतो. एखाद्या सिलिंडरचा धक्का बसलाच नाही तर त्या १८० अंशांना जरा जास्त वेळ लागतो. हा फरक ईसीएम मोजतो. म्हणून पी०३०२ला कारण काहीही असू शकतं: स्पार्क नाही, पेट्रोल नाही, कॉम्प्रेशन नाही, कुठून तरी हवा ओढतेय. हा कोड फक्त परिणाम सांगतो.

पी०३५२ तसा नाही. तो निव्वळ विजेचा कोड आहे. पी०३५१पासून सुरू होणारी ही मालिका कॉइलच्या सर्किटची आहे. पी०३५१ म्हणजे कॉइल ए, पी०३५२ म्हणजे कॉइल बी, आणि पुढे तसंच. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर बहुतेक गाड्यांत बी म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. जुन्या पद्धतीत एक कॉइल दोन प्लगना स्पार्क देते, तिथे बी म्हणजे सिलिंडरची दुसरी जोडी होते. कोडची अक्षरं कंपनीच्या क्रमाने चालतात हे विसरून चुकीच्या सिलिंडरची कॉइल बदललेली मी पाहिली आहे. तुमच्या गाडीत पी०३०२ सोबत आलाय, म्हणजे दोन नंबरवर बोट पक्कं आहे.

या कोडच्या वर्णनात ‘सर्किट’ हा शब्द असतो. सर्किटमध्ये कॉइल येते, तिला येणारे १२ व्होल्ट येतात, तिचं अर्थिंग येतं, स्पार्क कधी टाकायचा हा ईसीएमचा इशारा आणणारी ट्रिगरची वायर येते, दोन्ही टोकांचे कपलर येतात, आणि सगळ्यात शेवटी ईसीएम. स्कॅनरवर ‘इग्निशन कॉइल बी’ एवढंच वाचून कॉइल मागवली जाते, पुढचे शब्द राहून जातात.

आता तीन पिनांबद्दल. दोन पिनांच्या कॉइलमध्ये एका पिनेवर १२ व्होल्ट येतात आणि दुसरी पिन ईसीएम स्वतः आत अर्थ करतो. तिथे कॉइलमधून परत येणारा करंट ईसीएमला थेट दिसतो. सप्लाय तुटो, कॉइल तुटो, वायर तुटो, कोड तोच. तीन पिनांच्या कॉइलमध्ये करंट तोडणारा ट्रान्झिस्टर कॉइलच्याच डोक्यात असतो. १२ व्होल्ट, अर्थ आणि ट्रिगर अशा तीन पिना. ईसीएम ट्रिगरच्या वायरवर फक्त छोटा, साधारण पाच व्होल्टपर्यंतचा पल्स पाठवतो. चार पिनांच्या कॉइलमध्ये स्पार्क झाल्याची पोच देणारी आणखी एक वायर असते, तुमच्याकडे ती नाही. म्हणजे तुमच्या ईसीएमला कॉइलच्या पोटातलं फारसं काही दिसत नाही, त्याला दिसते ती आपली ट्रिगरची वायर: ती कुठे तुटलीय का, अर्थला लागलीय का, १२ व्होल्टला लागलीय का. तीन पिनांच्या कॉइलवर पी०३५२ आला की मी सगळ्यात आधी ट्रिगरची वायर आणि कॉइलचं अर्थिंग बघतो, ते यामुळे. कॉइलची हाय टेन्शनची, म्हणजे प्लगकडे जास्त व्होल्टेज पाठवणारी, बाजू फुटली असेल तर अशा गाडीत बहुतेक वेळा एकटा पी०३०२ येतो.

आता ती ठरावीक जागा. सिक्वेन्शियल किटच्या कंप्युटरला इंजिनचे आरपीएम कळावे लागतात, नाहीतर तो गॅस सोडतच नाही. त्यासाठी किटच्या हार्नेसमधून (वायरांच्या जुडग्यातून) एक वायर येते, बऱ्याच किटमध्ये ती तपकिरी असते, तरी रंगावर विसंबू नका. ही वायर फिटर गाडीच्या एखाद्या वायरला मध्येच जोडतो, म्हणजे टॅप करतो. कोणी क्रँक किंवा कॅम सेन्सरवरून घेतं, पण सर्रास ती एखाद्या कॉइलच्या ट्रिगर वायरवरून घेतली जाते, आणि ज्या कॉइलपर्यंत हात सहज पोहोचतो तिथून. तुमच्या गाडीत ती दोन नंबरवरून घेतलेली निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे अगदी अशीच गाडी आली होती. कोड पी०३५३, तीन नंबरची कॉइल तीनदा बदललेली, आणि मालकाला ईसीएमचा खर्च सांगून ठेवलेला. बॉनेट उघडल्यावर कॉइलच्या कपलरपासून चार बोटांवर काळ्या टेपचा एक फुगवटा दिसला. टेप उकलली. तिचा डिंक उन्हाने पातळ होऊन वायरभर पसरला होता, त्यात धूळ चिकटली होती. आत मूळ वायरचं कातडं ब्लेडने सोललेलं, त्यावर किटची वायर नुसती पीळ देऊन गुंडाळलेली. सोलताना ब्लेड तांब्यात गेलं होतं. वायरमधल्या बारीक तारांपैकी तीनच शाबूत होत्या आणि त्यांच्यावर हिरवा गंज पावडरसारखा बसला होता. मल्टिमीटर लावला तर बीप वाजला, कारण मीटरला एक तारही पुरते. मी वायर दोन चिमटीत धरून हलकेच ओढली. चांगली वायर अशी ओढली की आतलं तांबं ताण घेतं, ती लांबत नाही. इथे त्या जागी कातडं रबरासारखं ताणलं गेलं. आत तांबं उरलंच नव्हतं म्हणायला हरकत नाही. तीन वेळा कॉइल बदलताना ही जागा तीनदा वाकली आणि तीनदा तात्पुरती जुळली. पाऊस लागला, इंजिन घाटात जोर लावताना माउंटवर हललं, की संपर्क जायचा.

म्हणून तुमचं पहिलं काम हेच: बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, कॉइलच्या हार्नेसची काळी नळी दोन नंबरच्या कपलरपासून मागे वीतभर मोकळी करा आणि टेप मारलेली जागा शोधा. टॅप सापडला तर त्यावर बोट फिरवा, वायर चिमटीत धरून ओढून बघा. दोन नंबरवर नाही सापडला तरी बाकीच्या तिन्ही कॉइलवर बघा, कारण टॅप दुसरीकडे असेल तर हा संशय मागे पडतो आणि पुढच्या तपासण्या जास्त महत्त्वाच्या होतात. हे करताना उंदराच्या दातांच्या खुणाही बघा. पावसाळ्यात रात्री गरम इंजिनवर उंदीर येऊन बसतात आणि कॉइलचा हार्नेस त्यांच्या अगदी तोंडाशी असतो.

टॅप वरून चांगला दिसला तरी एक सोपी परीक्षा आहे. किटची आरपीएमची वायर तात्पुरती सोडवा, मोकळं टोक टेपने झाका, कोड पुसा आणि गाडी चार-पाच दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. आरपीएम न मिळाल्याने गॅसवर ती जाणारच नाही. या दिवसांत पी०३५२ आलाच नाही तर किटची बाजू ट्रिगरच्या सिग्नलला ओढून धरत होती किंवा तो जोडच खराब होता. जोड सोडवून तुम्ही तो हलवलेला असतो हेही लक्षात ठेवा. म्हणून चार दिवस बरे गेले म्हणून लगेच निकाल देऊ नका, जोड नीट करून मग बघा.

कोड पुसण्याआधी मात्र फ्रीज फ्रेमचा फोटो काढून ठेवा, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. कोड नोंदवला गेला त्या क्षणाचे आरपीएम, इंजिनचं तापमान, लोड, गाडीचा वेग हे सगळं ईसीएम साठवून ठेवतो. साध्या ब्लूटूथ स्कॅनरवरही ते दिसतं. तुमच्याकडे दोनदा कोड पुसले गेले आणि दोनदा ही माहिती गेली. कोड ९० अंश तापमानाला, जास्त लोडवर आला असेल तर उष्णता आणि इंजिनच्या हलण्याकडे बघायचं. सकाळी थंड इंजिनवर, आयडलिंगला आला असेल तर ओलाव्याकडे. पेंडिंग कोडही बघा: गाडीच्या पहिल्या फेरीत (सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत) दिसलेला दोष ईसीएम तिथे ठेवतो आणि बऱ्याच कोडबाबत पुढच्या फेरीत तो परत दिसला तरच दिवा लावतो. दिवा लागण्याआधी एक-दोन दिवस तिथे सुगावा मिळतो.

आता मोजमाप. कॉइलचा कपलर काढा, बॅटरी परत जोडा, चावी ऑन करा. काही गाड्यांत चावी ऑन केल्यावर कॉइलचा सप्लाय थोड्या वेळाने बंद होतो, तेव्हा सोबत कोणीतरी सेल मारायला ठेवा. कपलरच्या १२ व्होल्टच्या आणि अर्थच्या पिनेमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. तो तितक्याच प्रकाशाने लागला पाहिजे जितका थेट बॅटरीवर लागतो. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून अर्धवट तुटलेली वायर इथे उघडी पडते. नुसता मल्टिमीटर १२.४ दाखवेल आणि तुम्हाला फसवेल. बल्ब लागलेला असताना बॅटरीच्या प्लसपासून त्या पिनेपर्यंत व्होल्ट मोजा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नकोत. अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.१ व्होल्टच्या आत हवं. चारही कॉइलचा सप्लाय सहसा एकाच फ्यूजवरून आणि रिलेवरून येतो. तिथे दोष असता तर चारही कॉइलवर एकत्र परिणाम दिसला असता. एकट्या दोन नंबरचा कोड म्हणजे दोष हार्नेसच्या फांद्या फुटतात त्याच्या पुढे आहे. एवढ्या एका गोष्टीने अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते.

ट्रिगरच्या पिनेवर हा बल्ब चुकूनही लावू नका. ईसीएममधला तो छोटा ड्रायव्हर एवढा करंट द्यायला बनवलेलाच नाही. चांगला ईसीएम अशाने खरोखर बिघडू शकतो. तिथे एलईडीचा टेस्टर वापरा, पाच व्होल्टवरही लागेल असा. ट्रिगरची पिन आणि अर्थ यांच्यामध्ये तो धरा आणि सेल मारा. सेलवर इंजिन दोनशे-अडीचशे आरपीएमने फिरतं आणि प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा स्पार्क लागतो, म्हणजे एलईडी सेकंदाला साधारण दोनदा लुकलुकायला हवी. एक नंबरच्या कपलरवर आधी बघून घ्या म्हणजे चांगलं कसं दिसतं ते कळेल, मग दोन नंबरवर या. दोन नंबरवर लुकलुक असेल तर एकाने सेल मारत राहायचं आणि दुसऱ्याने हार्नेस हलवायचा, थोडा-थोडा, कपलरपासून ईसीएमपर्यंत. सलग पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका, मध्ये मोटारला विश्रांती द्या. ज्या जागी हात लावल्यावर लुकलुक तुटते ती तुमची जागा. हे करताना गॅसच्या सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि पेट्रोल इंजेक्टरचे कपलर काढून ठेवा. गॅसचा जरासाही वास येत असेल तर स्पार्कशी संबंधित काहीही करू नका, आधी गळती बघा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर इग्निशनवर काम चालू असताना त्यांना बॉनेटजवळ उभं करू नका.

मग पिना. कपलरमधल्या फिमेल पिना बारकाईने बघा, हवं तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून. बऱ्याच ठिकाणी मीटरचा जाड सुया असलेला प्रोब समोरून पिनेत खुपसतात. त्याने पिनेची आतली पाती पसरते आणि ती पकड परत येत नाही. जुन्या, टाकून दिलेल्या कॉइलची तशीच मेल पिन मिळाली तर तुमच्या कपलरमध्ये एक-एक पिनेत घालून बघा. अडकून बसली पाहिजे, सहज निसटली तर पिन गेली. मोजायचं असेल तेव्हा मागच्या बाजूने, रबराच्या सीलच्या कडेने बारीक पिन सरकवा. वायरला टोचे मारू नका. तोच टोचा पुढच्या पावसाळ्यात हिरवा होतो. तुमच्या कपलरचं लॉक दोनदा उघडलं गेलंय, ते शाबूत आहे का हेही बघा. केबल टाय बांधून भागवलेलं असेल तर कपलर बदलून घ्या, वायरच्या तुकड्यासह तो सुटा मिळतो.

कॉइलची अदलाबदल करून बघितली का, ते तुम्ही लिहिलं नाही. दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर, प्लग हलवायचे नाहीत. कोड पी०३५३वर गेला तर कॉइल खराब. दोन नंबरवरच राहिला तर कॉइल निर्दोष. ही परीक्षा उत्तम आणि फुकट आहे, फक्त तुमच्यासारख्या येत-जात दोषात तिच्यात एक खोट आहे: अदलाबदल करताना कपलर हलतो आणि दोष काही दिवस लपतो. कोड कुठेच आला नाही तर ‘अदलाबदलीने बरं झालं’ असं समजू नका. घाट आणि पाऊस दोन्ही लागेपर्यंत थांबा. इंजिन चालू असताना कॉइल प्लगवरून उचलून स्पार्क बघायची सवयही सोडा. स्पार्कला जागा मिळाली नाही की तीस-चाळीस हजार व्होल्ट कॉइलच्या आतच वाट शोधतात आणि तिचं इन्सुलेशन फोडतात. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं ते वेगळंच.

गॅसवर मिसिंग जास्त का, याचं उत्तर सीएनजीच्या स्वभावात आहे. गॅस आणि हवेच्या मिश्रणातून स्पार्क उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. स्पार्क थोडा कमजोर झाला की पेट्रोल निभावून नेतं, गॅस नेत नाही. गॅसवर चालणाऱ्या गाडीत कॉइल, बूट (कॉइल आणि प्लग यांना जोडणारी रबराची नळी) आणि प्लग यांची कसोटी रोजच लागते. नवे प्लग घातलेत, पण त्यांचं गॅप मोजलं का? पेट्रोलला ०.८ ते १.१ मिलीमीटरच्या दरम्यान कंपनी जे सांगते ते असतं. गॅसवर जास्त चालणाऱ्या गाडीला मी ०.७ ते ०.८ ठेवतो. इरिडियमच्या प्लगला मात्र गॅपसाठी वाकवू नका, त्याचं टोक केसासारखं असतं, चट्कन तुटतं.

कॉइल काढल्यावर प्लगच्या विहिरीत टॉर्च मारा. तळाशी तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा विहिरीचे सील गेलेत. तेलात भिजलेला बूट फुगतो, मऊ पडतो आणि स्पार्क बाहेरून उडायला लागतो. पाणी किंवा गंजाचा डाग दिसला तर इंजिन प्रेशरने धुतलंय का ते आठवा. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर स्पार्क तिथून पळतोय, प्लग आणि बूट दोन्ही एकत्र बदला. एक बदलून दुसरा ठेवला तर जुन्याची रेघ नव्यावर उमटते. त्याच मातीवर खाली लोखंडाला लागून तपकिरी कडं दिसतं, त्याला घाबरू नका. हाय व्होल्टेजभोवती हवेतले तेलाचे कण ओढले जाऊन ते कडं तयार होतं, त्याने काही बिघडत नाही. ते बघून चांगले प्लग फेकून दिलेले मी पाहिलेत. हे सगळं पी०३०२च्या बाजूचं आहे, त्याने पी०३५२ येत नाही, पण तुमच्याकडे एकाऐवजी दोन दुखणी असायची शक्यता मी उडवून लावणार नाही. पहिल्यांदा जूनमध्ये काय होतं, खरोखर कॉइल होती की वायर, हे फ्रीज फ्रेम पुसल्यामुळे आता कळायचा मार्ग नाही.

तोपर्यंत गाडी चालवायची का? दिवा स्थिर असेल आणि मिसिंग अधूनमधून असेल तर जवळपास, हलक्या पायाने, पेट्रोलवर चालवा. दिवा लुकलुकायला लागला तर मात्र पाय उचला आणि गाडी बाजूला घ्या. लुकलुकणारा दिवा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडेल एवढं मिसिंग चाललंय असा ईसीएमचा इशारा. न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते आणि मग पी०४२० नावाचा वेगळा आणि फार महागडा कोड समोर येतो. घाट अर्धा चढलाय म्हणून रेटू नका.

आता ईसीएम. तो कधी खराब होत नाही असं मी म्हणत नाही. आत शॉर्ट झालेल्या कॉइलने, उलटी जंप केबल लावल्याने, बॅटरी न काढता वेल्डिंग केल्याने ईसीएम गेलेले मी बघितलेत. पण ईसीएम दोषी ठरवायला पुरावा लागतो. ट्रिगरची वायर दोन्ही टोकांना मोकळी करून, तिच्यातून २१ वॅटचा बल्ब बॅटरीवर पूर्ण प्रकाशाने लागतोय. तीच वायर बॉडीला किंवा १२ व्होल्टला कुठे टेकत नाही. ईसीएमच्या कपलरची पिन घट्ट आहे, हिरवी नाही. कॉइल अदलाबदलीत चांगली ठरली. किटची आरपीएम वायर सोडवलेली आहे. आणि तरीही ईसीएमच्या नेमक्या त्याच पिनेवर पल्स नाही, शेजारच्या तीन कॉइलच्या पिनांवर मात्र आहे. एवढं सगळं कोणी तुमच्यासमोर करून दाखवलं तर ईसीएमची गोष्ट करा. तेव्हाही आधी तो दुरुस्त होतो का ते विचारा, कारण बदली ईसीएम घातला की इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आणि चाव्यांचं मॅचिंग वेगळं करावं लागतं, आणि जुन्या बाजारातला ईसीएम त्या शिवाय गाडी सुरूच करत नाही. ‘कॉइल बदलली, प्लग बदलले, आता उरला ईसीएम’ हा पुरावा होत नाही. मध्ये दीड-दोन मीटर वायर आहे, तिच्याकडे तुमच्या गाडीत अजून कोणी पाहिलेलं दिसत नाही.

दोष वायरमध्येच निघाला तर दुरुस्ती अशी करून घ्या. खराब भाग हिरवं तांबं संपून लाल, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापायचा; कधी-कधी गंज कातड्याच्या आत बोटभर चढलेला असतो. त्याच जाडीच्या वायरचा तुकडा टाकायचा, जोड क्रिम्प किंवा सोल्डर करायचा, आणि वरून आत डिंक असलेली, तापवल्यावर आवळणारी स्लीव्ह. सोल्डर केला तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर हार्नेसला बांधून घ्या, कारण सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते. नुसती पीळ आणि टेप कोणी करत असेल तर त्याला थांबवा, त्याच दुखण्यावर आपण परत येऊ. हार्नेसला थोडी सैल ठेवा, इंजिन माउंटवर हलतं तेव्हा ती ताणली जाता कामा नये. आणि किटची आरपीएम वायर परत जोडताना फिटरला कॅम सेन्सरची किंवा किटच्या सूचनेत दिलेली दुसरी जागा चालते का ते विचारा. कॉइलवरूनच घ्यायची असेल तर जोड कपलरच्या तोंडाशी नको, हार्नेसच्या न हलणाऱ्या भागात, वरच्यासारखाच सोल्डर आणि स्लीव्ह करून.

काम झाल्यावर कोड पुसा आणि लगेच समाधान मानू नका. आधी सकाळी थंड इंजिनवर पाच मिनिटं आयडलिंगला ठेवा. मग हार्नेस हलवा. मग स्प्रेच्या बाटलीने कॉइलच्या भागावर साध्या पाण्याचा हलका फवारा मारून आयडलिंग ऐका. मिसिंग झालं तर ओलावा अजून कुठूनतरी आत शिरतोय. त्यानंतर पेट्रोलवर पसरणी घाट चढा, वाईपासून पाचगणीपर्यंत, तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावून. मग तोच घाट गॅसवर. वर पोहोचल्यावर पेंडिंग कोड बघा. तिथे काही नसेल तर पुढचे पंधरा दिवस अधूनमधून बघत राहा. परत पी०३५२ आलाच तर यावेळी पुसू नका, फ्रीज फ्रेमचा फोटो, टॅपच्या जागेचा फोटो आणि बल्बच्या परीक्षेचे आकडे मला कळवा, त्यावरून पुढचं सांगतो.